अंमल आणि उक्ती : ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ या चित्रपटातील मनोविकार व संभाषण

मनोविकाराचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांत बहुधा एक क्षण असा येतो की, एखादा वैद्य रोगाचे नाव उच्चारतो आणि तोपर्यंत विस्कळीत भासणारे सारे वर्तन त्या नावाखाली नीट लावले जाते. जॉन कॅसाव्हेटीस यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (१९७४) या अमेरिकी चित्रपटात हा क्षण येतच नाही. लॉस एंजेलिसमधील एका कामगाराची पत्नी आणि तीन मुलांची आई असलेली मेबल लाँगेटी हिचे वागणे घरच्यांना असह्य होते. तिला रुग्णालयात धाडले जाते. सहा महिन्यांनी ती घरी परतते. तिला विजेचे झटके दिले गेल्याचा उल्लेख तिच्याच तोंडून येतो. परंतु सुमारे अडीच तासांच्या या चित्रपटात तिच्या विकाराचे शास्त्रीय नाव कोठेही दिलेले नाही. प्रेक्षकाच्या हाती उरते ते तिचे बोलणे आणि त्या बोलण्याला इतरांनी दिलेली उत्तरे. एखादी उक्ती वेडाची आहे हे कशावरून ठरते, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्याला म्हणूनच या चित्रपटाइतके उपयुक्त साधन क्वचितच सापडेल.

हा प्रश्न शीर्षकापासूनच उभा राहतो. ‘अंडर द इन्फ्लुअन्स’ हा इंग्रजी शब्दप्रयोग मद्यपान करून वाहन चालवण्याच्या गुन्ह्यासंबंधी कायद्याच्या भाषेत रूढ झालेला आहे. ‘दुसऱ्याच्या प्रभावाखाली असलेली’ हा त्याचा साधा अर्थही त्याबरोबर शाबूत राहतो. ‘प्रभावाखाली’ असे भाषांतर केले तर पहिला अर्थ निसटतो. मराठीत या दोन्ही अर्थांना कवेत घेणारा शब्द ‘अंमल’ हा होय. अरबीतून आलेला हा शब्द ‘पेशव्यांचा अंमल’, ‘इंग्रजांचा अंमल’ अशा प्रयोगांत सत्ता दाखवतो, आणि ‘दारूचा अंमल’, ‘अफूचा अंमल’ अशा प्रयोगांत शुद्ध हरपणे दाखवतो. सत्तेखाली असणे आणि शुद्धीवर नसणे या वस्तुतः भिन्न अवस्था मराठीने एकाच शब्दात नांदू दिल्या आहेत. कॅसाव्हेटीस यांच्या चित्रपटाचा विषयही याच दोन अवस्थांचा संबंध हा आहे. मेबल भानावर नसते म्हणून तिच्यावर इतरांचा अंमल चालतो, की इतरांचा अंमल चालतो म्हणून तिचे भान सुटते? चित्रपट यांपैकी कोणताही एक पक्ष स्वीकारत नाही, आणि त्याचे हे न स्वीकारणे विचारपूर्वक आहे.

१. निर्मिती आणि संवादांचे स्वरूप

कॅसाव्हेटीस (१९२९–१९८९) हॉलीवुडमध्ये अभिनेते म्हणून परिचित होते. अभिनयातून मिळालेला पैसा स्वतःच्या चित्रपटांत घालण्याचा त्यांचा परिपाठ होता. ‘शॅडोज’ (१९५९) आणि ‘फेसेस’ (१९६८) या चित्रपटांनी अमेरिकेतील स्वतंत्र निर्मितीची वाट रुंद केली. मेबलची कथा प्रथम रंगभूमीसाठी योजलेली होती. परंतु ही भूमिका प्रत्येक रात्री करणे आपल्याला झेपणार नाही, असे त्यांच्या पत्नी जीना रोलंड्स यांनी सांगितल्यावर तिला चित्रपटाचे रूप मिळाले. मोठ्या कंपन्यांचे पाठबळ नसल्यामुळे कॅसाव्हेटीस यांनी घर गहाण ठेवले, आणि नायकाची भूमिका करणारे पीटर फॉक यांनी स्वतःचे पाच लाख डॉलर घातले. तंत्रज्ञांत अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थी होते; मेबलच्या सासूची भूमिका दिग्दर्शकाच्या आईने, तर मेबलच्या आईची भूमिका रोलंड्स यांच्या आईने केली. वितरक मिळेना, तेव्हा कॅसाव्हेटीस यांनी ते कामही स्वतःकडे घेतले. पुढे १९७५ साली दिग्दर्शन आणि प्रमुख स्त्री-भूमिका या दोन्हींसाठी चित्रपटाला ऑस्करची नामांकने मिळाली, आणि १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

भाषेच्या दृष्टीने या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या चित्रपटातील अडखळणारी, अर्ध्यावर सुटणारी, एकमेकांवर आदळणारी वाक्ये ऐकून ती नटांनी आयत्या वेळी रचली असावीत, असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाही. संवाद मुख्यतः लिहिलेले होते. मोकळीक होती ती भावना कशी व्यक्त करावी याची. म्हणजे संभाषणातील विस्कळितपणा हा येथे योजनेचा भाग आहे. शिवाय प्रसंग दीर्घ आहेत आणि मधेच तोडलेले नाहीत, त्यामुळे एखाद्या उक्तीला उत्तर मिळते की नाही, किती वेळाने मिळते आणि कोणाकडून मिळते, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी पाहता येते.

२. उक्तीतील दोष की स्वीकृतीचा अभाव?

मनोविकारग्रस्तांच्या भाषेविषयी भाषाविज्ञानात जी चर्चा झाली, तिचा एक महत्त्वाचा टप्पा योगायोगाने याच वर्षीचा आहे. १९७४ साली एलेन चायका यांनी ‘ब्रेन अँड लँग्वेज’ या नियतकालिकात छिन्नमनस्क रुग्णाच्या भाषणाचे विश्लेषण करून असे प्रतिपादन केले की, त्यात भाषिक क्षमतेचाच अधूनमधून उद्भवणारा बिघाड दिसतो. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी त्याला उत्तर दिले. चायका यांनी रोगाची म्हणून दाखवलेली बहुतेक वैशिष्ट्ये निरोगी माणसांच्या वाक्स्खलनांतही आढळतात, आणि जे वेगळे आढळते ते भाषेपेक्षा विचाराच्या प्रांतातील असते, असा त्यांचा मुद्दा होता. या वादाचा पूर्ण निकाल येथे लावण्याचे कारण नाही. परंतु त्यातून एक गोष्ट निश्चित होते: सुटी काढलेली उक्ती बहुधा स्वतःच्या रोगीपणाची साक्ष देत नाही.

मेबलच्या बाबतीत हे पदोपदी प्रत्ययास येते. तिचे व्याकरण शाबूत आहे. ती मधूनच तोंडाने फुर्र असा आवाज काढते, अंगठ्याने खुणा करते, चेहरे करते. परंतु तिची वाक्ये बहुधा सरळ असतात. एका प्रसंगी ती मुलांच्या शाळेच्या बसची वाट पाहत रस्त्यावर उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्या स्त्रियांना किती वाजले, असे विचारते. परक्या माणसाला विचारता येण्याजोगा याहून निरुपद्रवी प्रश्न नसेल. पण विचारण्यातील उतावीळपणा, अंतर न राखणे आणि हातवारे यांमुळे त्या स्त्रिया बिचकतात आणि उत्तर न देता पुढे जातात. मेबल चिडते, आणि ती चिडल्यामुळे मघाचा त्यांचा संशय मागाहून खरा ठरतो.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवले की, बोलणे ही एक कृती आहे, आणि विचारणे, वचन देणे, ताकीद देणे यांसारख्या कृती सिद्ध होण्यासाठी ऐकणाऱ्याने त्या तशा म्हणून ग्रहण कराव्या लागतात. या ग्रहणाला येथे स्वीकृती म्हणू. स्वीकृती नसेल तर शब्द उच्चारले जातात, पण कृती घडत नाही. रस्त्यावरील मेबलचा प्रश्न अर्थपूर्ण असूनही प्रश्न म्हणून सिद्ध होत नाही, कारण ऐकणाऱ्याने त्याला उत्तर देण्याजोगा प्रश्न मानलेच नाही. त्याला लक्षण मानले.

न्याहारीचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. जलवाहिनी फुटल्यामुळे रात्रभर काम करावे लागलेला निक सकाळी आपल्या सहकाऱ्यांचा जथा घरी आणतो, आणि मेबल त्या सर्वांसाठी स्पॅगेटी शिजवते. ती टेबलाशी बसलेल्या एकेकाला नाव विचारते, गाणाऱ्याला मनापासून दाद देते, आणि अखेर एका लाजऱ्या कामगाराला आपल्याबरोबर नाचण्याचा आग्रह धरते. यांतील प्रत्येक कृती आतिथ्याची आहे. तिचे प्रमाण तेवढे जास्त आहे. आग्रह कोठे संपतो आणि उपद्रव कोठे सुरू होतो, ही रेषा कोणत्याही व्याकरणात लिहिलेली नसते. ती रेषा निकच्या ओरडण्याने आखली जाते. त्या एका आरोळीसरशी टेबलाभोवतीचे सगळे गप्प होतात, आणि थोड्याच वेळात उठून निघून जातात. नंतर तोच निक तिला सांगतो की, तिने काही वावगे केले नाही. त्यावर, तू सांगशील तशी मी होईन, मला काहीही होता येते, अशा आशयाचे ती बोलते. स्वतःच्या उक्तीचा अर्थ ठरवण्याचा अधिकार तिने येथे आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिला आहे. अंमल या शब्दाचे दोन अर्थ या ठिकाणी एकत्र येतात.

३. ‘उभे राहणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ

रुग्णालयातून परतल्यानंतरचा रात्रीच्या जेवणाचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. निकने तिच्या स्वागतासाठी गावभरची माणसे गोळा केलेली असतात. त्याच्या आईच्या आग्रहामुळे त्यांना परत पाठवावे लागते आणि जवळचे नातलग तेवढे राहतात. मेबल आता जपून, तोलून, हळू आवाजात बोलते. या शहाण्या मेबलला पाहून निकच अस्वस्थ होतो. तो तिला बाजूला नेऊन, तू आहेस तशी राहा, असे सांगतो. पूर्वीसारखे आवाज काढ, खुणा कर, असेही सुचवतो. टेबलाशी मात्र साधे, रोजचे बोलणे व्हावे असा त्याचाच हुकूम असतो.

ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ज्याला दुहेरी पेच म्हटले, त्याचे हे ठळक उदाहरण होय. ‘स्वाभाविक राहा’ ही आज्ञा पाळली तर वागणे आज्ञेनुसार होते, म्हणजे स्वाभाविक राहत नाही. न पाळली तर अवज्ञा होते. ज्या बोलण्यासाठी मेबलला सहा महिने घराबाहेर राहावे लागले, तेच बोलणे आता तिच्याकडून प्रेमाने मागितले जात आहे.

अशा वेळी ती आपल्या वडिलांकडे वळून, तुम्ही माझ्यासाठी उभे राहाल का, असे विचारते. वडील खुर्चीवरून उठून उभे राहतात. ती त्यांना खाली बसवते आणि पुन्हा तेच विचारते. इंग्रजीतील या वाक्प्रचाराचा अर्थ बाजू घेणे, कैवार घेणे असा आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ‘पाठीशी उभे राहणे’ या प्रयोगात मराठीनेही हेच क्रियापद वापरले आहे. आणि मराठीतही ‘पाठीशी’ हा शब्द काढून घेतला तर केवळ शारीरिक हालचाल उरते. वाक्प्रचाराचा लाक्षणिक अर्थ न कळता वाच्यार्थालाच चिकटून राहणे हे मनोविकाराचे लक्षण म्हणून परंपरेने नोंदले जाते. रुग्णापुढे म्हणी ठेवून त्यांचा अर्थ विचारण्याची पद्धत त्यातूनच आली. येथे वाच्यार्थाला चिकटून राहतात ते निरोगी मानले गेलेले वडील. रोगी मानलेली मुलगी लाक्षणिक बोलते, आणि तिचे कोणी समजून घेत नाही. वैद्याने नोंद केली असती तर ती कोणाच्या नावावर करावयाची, असा प्रश्न हा प्रसंग न बोलता विचारतो.

४. घराची बाजू

एवढ्यावरून, मेबल मुळात निरोगी असून कुटुंबाने तिला वेडी ठरवले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षक पॉलिन केल यांनी त्याला आर. डी. लेंग यांच्या विचारसरणीचे चित्ररूप उदाहरण ठरवून प्रतिकूल अभिप्राय दिला होता. लेंग आणि एस्टरसन यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात छिन्नमनस्क स्त्रियांचे वर्तन त्यांच्या कुटुंबांतील व्यवहारांच्या संदर्भात समजण्याजोगे असते, असे दाखवण्याचा प्रयत्न केला होता. निकचे वर्तन या वाचनाला पुष्टी देते, हे नाकारता येत नाही. मेबल रुग्णालयात असताना तो मुलांना शाळेतून मधेच उठवून समुद्रकिनारी नेतो आणि परतीच्या वाटेवर त्यांना बिअर पाजतो. मेबलने असे केले असते तर ते वेड ठरले असते. निकने केले म्हणून तो केवळ अविचार ठरतो.

परंतु हे वाचन अपुरे आहे. मेबल एका रात्री मद्यगृहातून परक्या माणसाला घरी आणते आणि सकाळी त्याला निक समजून बोलते. परतल्याच्या रात्री ती स्नानगृहात पात्याने हात कापून घेते. या घटना कोणाच्या अर्थ लावण्याने निर्माण झालेल्या नाहीत. तिचे दुःख खरे आहे. आणि हे सर्व कसे सुरू झाले ते आपल्यालाही कळत नाही, असे ती स्वतःच म्हणते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६९ सालच्या मनोविकार व ‘स्थान’ यांविषयीच्या निबंधात हा पेच अधिक न्यायाने मांडला आहे. कुटुंब म्हणजे परस्परांच्या स्थानांविषयीची एक न बोललेली व्यवस्था असते. रुग्ण आपले स्थान राखत नाही, तेव्हा ती सारी व्यवस्था डळमळते, आणि घरच्यांनी तिला सावरण्यासाठी केलेली प्रत्येक धडपड रुग्णाला कटासारखी भासते. निक हा खलनायक नव्हे. त्याला मेबल आहे तशीच हवी आहे, पण तशी मेबल चारचौघांत त्याला पेलवत नाही.

दुहेरी पेच हे छिन्नमनस्कतेचे कारण आहे, हा बेटसन प्रभृतींचा सिद्धांत पुढील संशोधनात टिकला नाही. अशा विकारांत आनुवंशिक व जैविक घटकांचा वाटा मोठा असतो, हे आता मान्य झाले आहे, आणि रोगाचा दोष आईबापांच्या माथी मारल्याने अनेक कुटुंबांवर अन्याय झाला, हेही मान्य झाले आहे. तथापि घरातील बोलण्याचा रोगाशी काहीच संबंध नाही, असे मात्र नव्हे. ब्राऊन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ साली लंडनमधील १०१ छिन्नमनस्क रुग्णांचा रुग्णालयातून घरी गेल्यानंतर नऊ महिने मागोवा घेतला. ज्या घरांत रुग्णाविषयी टीका, वैरभाव किंवा भावनिक अतिगुंतवणूक अधिक होती, तेथे ५८ टक्के रुग्णांचा विकार पुन्हा उलटला. इतर घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. पुढे चंदीगड येथे झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा तीव्र भावनाविष्काराची घरे लंडनच्या मानाने बरीच कमी आढळली. भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याची बाब ही की, हा भावनाविष्कार मोजला जातो तो नातलगांच्या मुलाखतीतील उक्तींवरून. आणि एखादे वाक्य टीका म्हणून धरावयाचे की नाही, हे त्यातील शब्दांइतकेच बोलणाऱ्याच्या स्वरावरून ठरते. मेबलचा विकार छिन्नमनस्कतेचा होता, असे म्हणण्यास चित्रपटात आधार नाही, म्हणून हे आकडे तिला लावता येत नाहीत. परंतु रोगाचे कारण आणि रोगाची वाटचाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीत घरच्यांच्या बोलण्याला स्थान आहे, हा भेद चित्रपट समजून घेण्यास निश्चित उपयोगी पडतो.

५. अभ्यासपद्धतीविषयी

चित्रपटाच्या शेवटी पाहुणे गेलेले असतात, मुले निजलेली असतात, हाताला पट्टी बांधून झालेली असते. मेबल निकला विचारते की, त्याचे तिच्यावर प्रेम आहे का. तो उत्तर देऊ लागतो, अडखळतो, आणि पसारा आवरण्याविषयी बोलू लागतो. मग दोघे मिळून टेबल आवरतात आणि अंथरूण घालतात. प्रश्नाला शब्दांत उत्तर मिळत नाही. पण रस्त्यावरच्या त्या स्त्रियांप्रमाणे निक निघूनही जात नाही. दिवसभरात प्रथमच एका उक्तीनंतर दोघांनी मिळून काही केलेले दिसते. यातून मेबल बरी झाली असे सूचित होत नाही, आणि उद्याची रात्र आजच्यासारखी नसेल असेही नाही.

मनोविकारग्रस्तांच्या भाषेचे नमुने गोळा करताना रुग्णाची वाक्ये तेवढी उतरवून घेण्याची आणि मुलाखत घेणाऱ्याचे अथवा नातलगांचे बोलणे गाळून टाकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. अशा नमुन्यात, किती वाजले, हा मेबलचा प्रश्न उतरेल, पण त्याला उत्तर मिळाले नाही हे उतरणार नाही. तिने नाचण्याचा केलेला आग्रह उतरेल, पण टेबलावरची ती आरोळी उतरणार नाही. वडिलांना केलेली विनंती दोनदा उतरेल, आणि वडिलांचे उठून उभे राहणे गळाल्यामुळे ती दुसरी विनंती निरर्थक पुनरुक्ती ठरेल. पुनरुक्ती हे विचारबिघाडाचे लक्षण म्हणून मोजले जात असल्याने रुग्णाच्या खाती एक दोष वाढेल, आणि तो दोष प्रत्यक्षात नोंद करण्याच्या पद्धतीचा असेल.

म्हणून अशा अभ्यासात संभाषणाच्या दोन्ही बाजू, मधले विराम, न मिळालेली उत्तरे आणि स्वर यांची नोंद एकत्रच झाली पाहिजे. रुग्णाच्या वाक्यापुढे लक्षणाची खूण करण्यापूर्वी त्या वाक्याने काय मागितले होते आणि ते मिळाले की नाही, हे त्याच पानावर लिहिलेले असावे.